मोकळ्या जमिनीवर टार्गेट शूटिंगला जाताय? आधी गवत बघा, बंदूक नंतर

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, म्हणजे युटा, ॲरिझोना, कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहो या पट्ट्यात नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींना वर्षभरात ऑफिसमधलं कुणीतरी विचारतंच, "शनिवारी शूटिंगला येतोस का?" आणि मग कळतं की रेंज वगैरे काही नाही, गावाबाहेर धुळीच्या रस्त्याने तासभर गाडी हाणायची, एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी थांबायचं, टार्गेट लावायचं आणि सुरू. तिकीट नाही, गेट नाही, विचारणारं कुणी नाही. आपल्याला पहिल्यांदा हे खरंच वाटत नाही. पण ते कायदेशीर आहे, निदान बऱ्याच ठिकाणी. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे केंद्र सरकारचं जमिनीचं खातं, म्हणजे ज्याला सगळे बीएलएम म्हणतात, त्यांच्याकडे जवळपास २४.५ कोटी एकर जमीन आहे आणि फॉरेस्ट सर्विसकडे, म्हणजे केंद्राच्या वनखात्याकडे, साधारण १९.३ कोटी एकर, आणि यातल्या खूप मोठ्या भागावर शूटिंगला बंदी नाही.

गन सेफ्टीचे नियम तुम्हाला घेऊन जाणारा माणूस शिकवेल, बहुतेक जण मनापासून शिकवतात. आगीबद्दल मात्र फार कमी लोक बोलतात. म्हणून हा लेख फक्त आगीबद्दल. नवख्या माणसाचं सगळं लक्ष बंदुकीकडे असतं, साहजिकच आहे, पण वणवा लागतो तो गोळी जिथे जाऊन थांबते तिथे. तेव्हा तुमची अर्धी तयारी त्या शंभर यार्ड पलीकडच्या जमिनीची हवी.

गोळीने आग लागते का? हो, लागते

"अरे शिशाच्या गोळीने कुठे आग लागते" हे वाक्य तुम्हाला पार्किंगमध्येच ऐकायला मिळेल. फॉरेस्ट सर्विसच्या माँटानातल्या मिझूला इथल्या फायर लॅबच्या शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेऊन प्रयोग केले, २०१३ साली त्याचा रिपोर्ट आला. रायफलच्या वेगवेगळ्या गोळ्या स्टीलच्या प्लेटवर मारल्या आणि फुटलेले तुकडे खाली ठेवलेल्या वाळवलेल्या पीट मॉसमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या शेवाळात, पडू दिले. काही तुकड्यांचं तापमान ८०० डिग्री सेल्सियसच्या वर गेलं. लोखंडी तार आपण हाताने पुढे-मागे वाकवून तोडतो तेव्हा तुटलेलं टोक चटका बसेल इतकं तापतं ना, तसंच, फक्त इथे ते सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, आणि वेगाची सगळी ऊर्जा धातू चेपण्यात-फाडण्यात जाऊन उष्णता होते.

आग लावण्यात सगळ्यात पुढे होत्या त्या स्टीलचा गाभा किंवा स्टीलचं जॅकेट, म्हणजे वरचं आवरण, असलेल्या गोळ्या आणि अख्ख्या तांब्याच्या गोळ्या. शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं जॅकेट असलेली नेहमीची गोळी त्या मानाने बरीच मागे होती. पण मागे म्हणजे शून्य नाही. आणि तांब्याचं लक्षात ठेवा, कारण कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे तांब्याच्या गोळ्या लोकांच्या घरात असतात आणि "ही पर्यावरणाला चांगली" म्हणून टार्गेटवर पण त्याच वापरल्या जातात. गिधाडांसाठी चांगली आहे हो ती, शिसं त्यांच्या पोटात जात नाही, पण वाळक्या गवतासाठी नाही.

पायरी पहिली: तुम्ही बंदूक हातात घेऊ शकता का, हे आधी बघा

आगीआधी हे सांगायलाच हवं. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला तुम्हाला मुळात मनाई आहे, आणि मित्राची बंदूक दोन मिनिटं हातात घेऊन चार गोळ्या झाडणं हे सुद्धा बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. यात अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे तुमच्या नावावर अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची मनाई लागू नाही. मित्राला हे माहीत असेलच असं नाही, त्याला कधी गरजच पडलेली नसते. तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, त्याचं उत्तर येईपर्यंत सोबत जा, बघा, सँडविच खा, पण हात लावू नका.

पायरी दुसरी: जमीन कुणाची आणि आज तिथे काय चालू आहे

पश्चिमेत जमिनीचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, रेल्वे कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात एक सोडून एक चौरस मैलाचे तुकडे वाटले गेले त्याचा हा परिणाम. त्यामुळे गाडी थांबवली ती बीएलएमच्या जमिनीवर आणि टार्गेट लावलं ते खाजगी जमिनीत, असं सहज होतं. मालकी दाखवणारी ॲप्स मिळतात, आदल्या रात्री घरच्या वायफायवरच ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. 'सरकारी आहे' एवढ्याने भागत नाही. ॲरिझोनात स्टेट ट्रस्ट लँड म्हणून जी राज्याची जमीन असते तिथे टार्गेट शूटिंगला परवानगी नाही, दिसायला ती शेजारच्या बीएलएमच्या जमिनीसारखीच दिसते, तीच झुडपं, तीच धूळ.

नॅशनल फॉरेस्टमध्ये असाल तर घर, इमारत, कॅम्पसाइट किंवा लोकांची वर्दळ असलेल्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही, फॉरेस्टच्या रस्त्यावरून किंवा पाण्यावरून आरपारही नाही. आणि ट्रेसर, म्हणजे जाताना जळत उजेडाची रेघ सोडणारी गोळी, किंवा आगलावी गोळी नॅशनल फॉरेस्टमध्ये बारा महिने तेरा काळ बंद, पावसात सुद्धा.

मग येतात फायर रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे वणव्याचा धोका वाढला की लागणारी बंधनं. स्टेज वन, स्टेज टू असं ऐकाल. स्टेज वनमध्ये साधारण शेकोटीवर आणि सिगरेटवर बंधनं येतात, स्टेज टूमध्ये बऱ्याच ठिकाणी शूटिंगही बंद होतं, पण हे प्रत्येक फॉरेस्टचं, प्रत्येक काउंटीचं वेगळं असतं त्यामुळे मागच्या महिन्यात चाललं म्हणून आज चालेल असं धरू नका. शिवाय युटा, आयडाहो, नेवाडा अशा राज्यांत बीएलएम उन्हाळी हंगामासाठी फायर प्रिव्हेन्शन ऑर्डर काढतं, त्यात स्टीलवाली काडतुसं, ट्रेसर आणि फुटणारी टार्गेट्स बंद असतात, शूटिंग चालू असलं तरी. युटात २०१२ च्या उन्हाळ्यात शूटिंगमुळे एकामागून एक वणवे लागले, त्यानंतर २०१३ मध्ये कायदा करून राज्याच्या फॉरेस्टरला धोक्याच्या काळात टार्गेट शूटिंग थांबवायचा अधिकार दिला गेला. वेबसाइट बघाच, पण सगळ्यात सोपं म्हणजे शुक्रवारी दुपारी त्या भागाच्या रेंजर स्टेशनला नाहीतर बीएलएमच्या फील्ड ऑफिसला सरळ फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा: उद्या अमुक रस्त्यावर शूटिंग चालेल का, आणि कुठल्या गोळ्या बंद आहेत. लोक छान बोलतात. शनिवारी फोन उचलायला बहुतेक कुणी नसतं.

पायरी तिसरी: हवा

नॅशनल वेदर सर्विसची रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे वणव्याला पोषक हवेचा इशारा, असेल तर बेत रद्द. यावर चर्चा नाही. पण वॉर्निंग नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. मिझूलाच्या त्या प्रयोगात हवा ३४ ते ४९ डिग्री होती, आर्द्रता ७ ते १६ टक्के आणि पीट जवळजवळ कोरडं, ३ ते ५ टक्के ओलावा. हे आकडे लॅबमधले वाटतात पण जून-जुलैत नेवाडातल्या कुठल्याही दुपारचा फोनवरचा फोरकास्ट उघडा, तेच दिसतील. माझा स्वतःचा ठोकताळा असा की आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली किंवा टोपी उडेल असा वारा, यातलं एक जरी असलं तरी मोकळ्या जमिनीवर जायचं नाही. जायचंच तर पहाटे, सूर्य वर यायच्या आत, तेव्हा आर्द्रता दिवसातली सगळ्यात जास्त असते आणि वारा पडलेला असतो. दहाच्या आत आवरा.

हंगाम पण जागेप्रमाणे बदलतो. ॲरिझोनात एप्रिल ते जून सगळ्यात वाईट, मग जुलैत पाऊस येतो, त्याला तिथेही मान्सूनच म्हणतात. युटा-आयडाहोत जून ते सप्टेंबर.

पायरी चौथी: गवत ओळखा

युटा, नेवाडा, आयडाहोत जे बारीक, मऊ, झुपकेदार गवत सगळीकडे दिसतं आणि ज्याची कुसळं मोज्यात घुसून जीव खातात, ते चीटग्रास. हे मूळचं इथलं नाही, युरोप-आशियातून आलेलं. वसंतात हिरवं, मग जांभळट, आणि जूनच्या सुमारास पेंढ्याच्या रंगाचं. पेंढ्याचा रंग दिसला की समजा टिकलीएवढा तापलेला तुकडा पुरतो. आपल्या सह्याद्रीत फेब्रुवारीपासून वणवे लागतात, डोंगर काळे होतात आणि पावसाळ्यात गवत परत येतं, म्हणून आपल्या मनात कुठेतरी असतं की गवतच जळतंय ना, येईल परत. इथे परत येतं ते चीटग्रासच. सेजब्रशचं झुडूप जळालं की मुळातून फुटत नाही, त्याची जागा चीटग्रास घेतं, ते दरवर्षी लवकर वाळतं, म्हणजे पुढची आग आणखी सोपी. एका आगीनंतर तो डोंगर आधीचा राहत नाही.

हिरवं झाड दिसतंय म्हणून फसू नका. झाडाखाली काय पडलंय ते बघा. सुकलेलं शेण, कुजकं लाकूड, पाइनच्या सुयांचा थर, यात ठिणगी पडली की ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहतं आणि वारा सुटला की काही तासांनी वर येतं, तोवर तुम्ही घरी पोचून आंघोळ करून झोपलेले असता.

पायरी पाचवी: चुंबक न्या

ही सगळ्यात स्वस्त पायरी आहे. फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका आणि काडतुसाच्या टोकाला, म्हणजे प्रत्यक्ष जी गोळी सुटते त्या भागाला लावा. चिकटलं किंवा ओढलं गेलं तर आत नाहीतर वर स्टील आहे, ती पेटी गाडीतच ठेवा. मागच्या नळकांडीला लावून निष्कर्ष काढू नका, स्वस्त काडतुसांची केस स्टीलची असते पण ती तुमच्या पायाशीच पडते. जुन्या साठ्यातली रशियन बनावटीची काडतुसं अजून लोकांच्या गॅरेजमध्ये असतात, त्यांचं जॅकेट दिसायला तांब्याचं पण आतून स्टीलचं असतं. ए-आर रायफलसाठीची हिरव्या टोकाची ५.५६ मिमी गोळी पण यातच, तिच्या टोकात स्टीलचा तुकडा असतो. अख्ख्या तांब्याची गोळी चुंबकाला लागत नाही, त्यामुळे पेटीवर लिहिलेलं वाचाच.

ट्रेसर कुणी आणला असेल तर काय होतं ते कोलोरॅडोच्या बसॉल्ट गावाला विचारा. ३ जुलै २०१८ ला दोन तरुण मंडळी तिथल्या शूटिंग रेंजवर ट्रेसर झाडत होती. रेंजवर, हं, जंगलात नाही. लेक क्रिस्टीन फायर म्हणून ती आग ओळखली जाते, साडेबारा हजार एकर जळालं, तीन घरं गेली, आणि त्या दोघांना ४५-४५ दिवसांची कैद झाली.

पायरी सहावी: टार्गेट आणि त्याच्या मागचं

कागद आणि पुठ्ठा. बस. स्टीलच्या प्लेटचा 'टण्ण' आवाज सगळ्यांना आवडतो, मला पण आवडतो, पण उन्हाळ्यात मोकळ्या जमिनीवर स्टील म्हणजे तोच मिझूलाचा प्रयोग तुम्ही गवतात करताय. ओल्या महिन्यांत लावायचंच तर प्लेट पुढे खाली झुकलेली लावा म्हणजे तुकडे जमिनीत जातील, आणि खाली-आजूबाजूला नुसती माती हवी. दगडावर कधीच नाही. जुने टीव्ही, फ्रिज, प्रोपेनचे डबे, काचेच्या बाटल्या, हे लोक का नेतात देव जाणे, आगीचा धोका वेगळाच, वर कचरा केल्याचा दंड.

टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध किंवा कापलेली मातीची कड हवी, तिच्यात दगड-गोटे नकोत आणि वर गवत नको. चालत जाऊन हाताने उकरून बघा, लांबून माती वाटते ती बऱ्याचदा नुसती खडी असते. पुढे, बाजूला, बांधाच्या माथ्यावर, तुकडे उडून जातील अशा सगळ्या बाजूंना दहा-पंधरा फूट तरी फावड्याने साफ करा, खालची नुसती माती दिसेपर्यंत. अशी जागा तासभर शोधून मिळाली नाही तर परत फिरा. बऱ्याच आगी "आता एवढं लांब आलोय तर" यातून लागतात असं माझं मत आहे.

फुटणारी टार्गेट्स, म्हणजे दोन पावडरी मिसळून बनवलेला तो डबा, गोळी लागली की धडाम. त्याच्या जवळ जाऊ नका. फॉरेस्ट सर्विसने २०१३ मध्ये सांगितलं होतं की मे २०१२ पासून पश्चिमेतले निदान १६ वणवे याच टार्गेट्सनी लागले आणि ते विझवायला ३.३ कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च आला. २०१७ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनात ग्रीन व्हॅलीजवळ एका होणाऱ्या बाबाने मुलगा की मुलगी हे जाहीर करायला असंच टार्गेट उडवलं, आतून निळा रंग निघाला आणि मागोमाग आग. सॉमिल फायर. जवळपास ४७,००० एकर. तो माणूस बॉर्डर पेट्रोलमध्ये नोकरीला होता, बंदुकीचा नवखा नव्हता. पाच वर्षं प्रोबेशन आणि २,२०,००० डॉलर भरपाई.

पायरी सातवी: गाडी आणि सामान

गाडी गवतावर लावू नका. एक्झॉस्टचा गरम पाइप आणि खालचं वाळकं गवत, एवढंच पुरतं, एकही गोळी न झाडता आग लागू शकते. रस्त्यावरच्या उघड्या मातीत लावा आणि तोंड परतीच्या दिशेला ठेवा.

सोबत फावडं, निदान पाच गॅलन पाणी आणि अग्निशामक सिलेंडर. पावडरचा छोटा सिलेंडर काही सेकंदांतच संपतो, गवताला पाणी आणि फावडंच जास्त उपयोगी. आणि हे सगळं डिकीत तीन कूलरांच्या खाली नको, टार्गेटपाशी बाहेर काढून ठेवलेलं हवं. येताना फोनला शेवटची रेंज कुठे होती ती जागा लक्षात ठेवा, रस्त्याचा नंबर आणि जीपीएसचे आकडे लिहून ठेवा. एक जण फक्त बघायला नेमा, जो बंदूक घेणार नाही, नजर बांधाकडे. व्हिसावाल्या मित्रासाठी उत्तम काम.

पायरी आठवी: आवरताना

शेवटची गोळी झाडली की अर्धा तास तिथेच थांबा. रिकामी काडतुसं गोळा करा, पुठ्ठे उचला, तोवर वेळ जातोच. मग बांधापाशी जाऊन नाकाने आणि हाताने बघा, वास येतोय का, कुठे माती-शेण गरम लागतंय का. हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेली की उष्णता कळते. संशय आला तर पाणी ओता, फावड्याने कालवा, परत ओता.

आणि लागलीच तर

धूर दिसला की शूटिंग बंद, बंदुका रिकाम्या, आणि एकाने लगेच ९११ लावायचा. "आपण विझवू, कशाला बोलवायचं" हे करू नका, आधी फोन. रस्ता, जीपीएसचे आकडे, काय जळतंय, वारा कुठल्या दिशेला, जवळ घरं आहेत का, एवढं सांगा. फोनला रेंज नसेल तर एक गाडी लगेच फोनची रेंज जिथे शेवटची होती तिकडे पळवा. बाकीच्यांनी आग कमरेच्या खाली असेल आणि निघायचा रस्ता मोकळा असेल तरच मातीने, पाण्याने कडेकडेने मारायची. आगीच्या वरच्या उतारावर किंवा घळीत उभं राहायचं नाही, चढावर आग माणसापेक्षा वेगाने जाते. कमरेच्या वर गेली की सोडून द्या आणि निघा.

सुरक्षित जागी पोचल्यावर पळून मात्र जाऊ नका. नाव सांगा, काय झालं ते सांगा. निष्काळजीपणे लावलेल्या आगीचा विझवण्याचा खर्च सरकार वसूल करतं, विमानं, हेलिकॉप्टर, शेकडो माणसं, तो आकडा लाखांत जातो. पळाल्याने तो कमी होत नाही, उलट प्रकरण फौजदारीकडे सरकतं. आणि घरं किती जवळ असतात याचा अंदाज नसतो. २०१२ च्या जूनमध्ये युटातल्या सॅराटोगा स्प्रिंग्जजवळ टार्गेटवर गोळ्या झाडताना आग लागली, डम्प फायर, त्यात जवळपास ९,००० लोकांना घरं सोडायला लागली. आज त्याच भागात, लेहायच्या आयटी कंपन्यांत जाणारी आपली किती कुटुंबं राहतात ते तिथल्या गणपतीला जाऊन बघा.

पहिल्या उन्हाळ्यात तरी सरळ रेंजवर जा असं मी सगळ्यांना सांगतो. फीनिक्सला राज्याच्या गेम अँड फिश खात्याची बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी आहे, खूप मोठी. सॉल्ट लेक सिटीला ली के नावाची रेंज आहे. बांध तयार, जमीन साफ, माणूस लक्ष ठेवायला. मोकळ्या जमिनीवर जायची हौस असेल तर पहिला चांगला पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर, साधारण नोव्हेंबरनंतर बेत करा. कॅलिफोर्नियात मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबर हाच वाईट काळ, तेव्हा तिकडे कोरडे वारे सुटतात, तिथल्यांनी जानेवारीपर्यंत थांबा आणि त्या आठवड्यात पाऊस झालाय का ते बघूनच निघा.